चालता खर्ज

‘राउंडअबाउट’ या गाण्याची सुरुवात एका उलट्या सुराने होते. पियानोवर वाजवलेला सूर टेपवर उलटा फिरवलेला आहे, त्यामुळे घुमारा आधी येतो, तो फुगत जातो आणि आघाताच्या जागी पोचताच तुटतो. त्या तुटण्यातून स्टीव्ह हाऊची गिटार निघते. तारेला बोट नुसतं टेकवून काढलेले दोन-तीन निर्मळ सूर, मग थोडी घाई, मग पुन्हा थांबणं. पाऊण मिनिट असं सावकाश जातं. आणि मग ख्रिस स्क्वायरचा बेस येतो.

बेस गिटारने गाण्याच्या तळाशी बसून भार वाहावा, ती ऐकू येण्यापेक्षा जाणवावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. इथे ती दात-ओठ खाऊन, चढत-उतरत, मधली एखादी जागा गिळून पुढच्या जागेवर उडी घेत गाण्याच्या ऐन मध्यावर चालू लागते. जॉन अँडरसन वर गात असतो, बिल ब्रूफर्डचे ड्रम कोरडे आणि नेमके वाजत असतात, आणि माझे कान मात्र खाली लागलेले. ‘येस’ या इंग्लिश बँडच्या १९७१ च्या ‘फ्रॅजाइल’ अल्बममधलं हे पहिलंच गाणं. येसचे चाहते गायकावरून भांडतात, की-बोर्ड वाजवणाऱ्यावरून भांडतात, कुठल्या सालचा संच खरा यावरून तर फारच. बँडमधली माणसं इतक्या वेळा बदलली की भांडायला जागा भरपूर आहे. पण १९६९ च्या पहिल्या अल्बमपासून २०१४ च्या ‘हेवन अँड अर्थ’पर्यंत प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर एकच माणूस वाजवत राहिला, तो स्क्वायर. त्याच्यावरून भांडण होत नाही.

आमच्या पनवेलला बेसचं वावडं नाही. लग्नसराईत कामोठे-कळंबोलीपासून पार पळस्पे-शिरढोणपर्यंत हळदीच्या रात्री डीजे लागतो तेव्हा मांडणीतली भांडी आपसांत बोलू लागतात आणि खिडकीच्या काचा थरथरतात. आगरी-कोळी हळदीचा तो जल्लोष मी लहानपणापासून पाहत आले आहे, त्यात मनापासून नाचले आहे. तो आवाज अंगाला भिडतो आणि अंगातच जिरतो. त्याला वजन असतं, नाचायला ते पुरतं. स्क्वायरच्या बेसला वजनाबरोबर दिशाही आहे. तो कुठून तरी निघतो आणि कुठे तरी पोचतो, आणि वाटेत वरच्या सगळ्या गाण्याचा रंग बदलून ठेवतो. हे ऐकायला मला वेळ लागला, कारण माझा कान दुसऱ्याच शिस्तीत तयार झाला होता.

माझ्यापर्यंत हा बेस बोटीवरून आला. आमच्या आळीत एक काका मर्चंट नेव्हीत होते. सहा-आठ महिन्यांनी घरी यायचे, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत साबण, चॉकलेटं आणि कॅसेटी असायच्या. त्यातल्या एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर त्यांनी एका बाजूला ‘फ्रॅजाइल’ आणि दुसऱ्या बाजूला ‘क्लोज टू द एज’ भरून आणला होता. दोन्ही अल्बम चाळीस मिनिटांच्या आतबाहेरचे, त्यामुळे एकेका बाजूत बरोबर मावले होते. त्या काळी पनवेलला मुंबईची लोकल येत नव्हती, ती १९९८ साली आली. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसला जायचं म्हणजे एसटी, मग गाडी बदलणं, असा दिवसभराचा कार्यक्रम. तिथे जाऊनही बहुतेक वेळा रेकॉर्डींची वेष्टनं हातात घेऊन मागची नावं वाचायची आणि परत ठेवायची. काकांच्या कॅसेटवर तर वेष्टनही नव्हतं. कोण काय वाजवतं हे आम्हांला ठाऊक नव्हतं, आणि त्याने काही अडलं नाही.

ती कॅसेट मी आमच्या घरच्या लहानशा टेपरेकॉर्डरवर ऐकायचे. त्याला तळहाताएवढा एकच स्पीकर होता. ड्रम त्यातून पत्र्याचे वाटायचे, की-बोर्डचे थर एकमेकांत मिसळून जायचे. बेस मात्र लख्ख. त्याच टेपरेकॉर्डरवर इतर बँड ऐकले की त्यांचा बेस पार नाहीसा व्हायचा, आणि येस लावलं की खालची ती सुरावट ओळीन् ओळ हाती लागायची. याचं कारण मला खूप नंतर समजलं आणि समजल्यावर स्क्वायरविषयीचा आदर दुणावला.

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. लहान स्पीकरला इतका खालचा सूर काढणं जमतच नाही. पण कुठलीही तार एकटा सूर देत नाही. दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे सूरही तिच्यातूनच निघत असतात. हे वरचे सूर पुरेसे ठळक असले, तर मूळ सूर हवेत नसतानाही आपला मेंदू त्यांच्यामधल्या अंतरांवरून तो ताडतो आणि भरून काढतो. म्हणजे खालचा सूर दूरवर पोचवायचा तर वरचे सूर जागे ठेवायला हवेत. साठच्या दशकात बेसवर सपाट वेटोळ्यांच्या तारा चढवण्याची रीत होती. त्यांचा आवाज गोल, दबका. ‘द हू’ या बँडच्या जॉन एन्टविसलच्या आग्रहातून रोटोसाउंड कंपनीने गोल वेटोळ्यांच्या, खरखरीत आणि खणखणीत तारा तयार केल्या. स्क्वायरने त्या उचलल्या. बोटांऐवजी तो पिकने वाजवायचा, आणि पिकपाठोपाठ अंगठ्याची कड तारेला निसटती लागू द्यायचा, त्यामुळे प्रत्येक सुराच्या तोंडाशी एक धार यायची. त्याच्या रिकनबॅकर बेसवर तारांची कंपनं टिपणारे दोन पिकअप होते, त्यांचे आवाज त्याने वेगळे काढून घेतले होते, म्हणजे खालच्या आवाजाचं घट्टपण आणि वरच्या आवाजाचा करकरीतपणा यांना निरनिराळी वाट देता येई. एवढ्या खटपटीचं फळ पनवेलच्या एका खोलीत, बोटीवरून आलेल्या नकलेच्या नकलेत, एका दुबळ्या स्पीकरमधून मला मिळत होतं.

आणि या आवाजाशी माझी ओळख आधीपासून होती, हेही मला तेव्हा कळलं नव्हतं. मी गाण्याच्या क्लासला जायचे. आवाज बेताचाच असल्यामुळे बाई मला तंबोऱ्यावर बसवायच्या. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज, पुन्हा पंचम. तास तास हेच. गाणाऱ्याचं लक्ष आपल्या गाण्याकडे असतं, ऐकणाऱ्याचं गाणाऱ्याकडे. तंबोऱ्यावर बसलेल्या माणसाला खर्जाच्या तारेशिवाय दुसरा उद्योग नसतो. त्या तारेखाली, घोडीवर, सुताचा धागा अंमळ मागेपुढे सरकवला की जवारी खुलते, आवाजात एक झणकार येतो, आणि कुणीही न वाजवलेला गंधार त्या एका तारेतून ऐकू यायला लागतो. स्वयंभू गंधार. तो लागला की बाईंचा चेहरा उजळायचा. तंबोऱ्याच्या घोडीला जो बाक देतात, जो धागा लावतात, तो खालच्या सुरातले वरचे सूर जागे करण्यासाठीच. लंडनमध्ये स्क्वायर तारा, पिक आणि ॲम्प्लिफायर यांच्या जोरावर त्याच कामाला लागला होता. त्याच्या बेसमधला तो तारेचा करकरीत झणकार मला परका वाटला नाही याचं कारण तंबोरा आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पण साम्य इथे संपतं, आणि खरी गंमत पुढे सुरू होते. आपला षड्ज हलत नाही. मैफल सुरू झाल्यापासून संपेपर्यंत खर्ज एका जागी असतो आणि गाणारा त्याच्यापासून किती दूर गेला, कसा परतला, यात सगळं नाट्य असतं. स्क्वायरच्या संगीतात पायाखालचा खर्जच चालू लागतो. वरचा सूर जागेवर राहतो, आणि तरीही तो सूर तोच राहत नाही.

हे शब्दांत सांगण्यापेक्षा पेटीवर करून पाहावं. ‘द येस अल्बम’ हाही १९७१ चाच. त्यात ‘स्टारशिप ट्रूपर’ हे लांब गाणं आहे आणि त्याच्या शेवटच्या भागाचं नाव ‘व्हुर्म’. त्यात फक्त तीन कॉर्ड आहेत, शेवटपर्यंत फिरत राहणाऱ्या. त्यांचे मूळ सूर पेटीच्या भाषेत पांढरी पाच, काळी दोन आणि पांढरी एक. उजव्या हाताने पांढरी पाच दाबून धरा आणि सोडू नका. डाव्या हाताने खालच्या सप्तकात आधी पांढरी पाचच वाजवा: वरचा सूर षड्ज होऊन निवांत बसलेला असेल. आता डावा हात काळी दोनवर न्या. वर काहीही बदललेलं नाही, पण तोच सूर आता गंधार झाला, त्याच्यात गोडवा आला. मग डावा हात पांढरी एकवर. तोच सूर पंचम होऊन ताठ उभा. एका सुराचे तीन स्वभाव, आणि ते बदलले खालच्या हाताने. आपल्याकडे मूर्च्छनेत हा खेळ गवई मनात षड्ज हलवून करतात, पण ते क्वचित आणि जाणकारांसाठी. इथे तो गाण्याचा कणा आहे.

‘व्हुर्म’ जवळजवळ काही न घडता सुरू होतं. गिटार त्या तीन कॉर्डांवर झुलत राहते, आवाज भोवऱ्यात सापडल्यागत फिरतो. फेरीमागून फेरी जाते. मग हळूहळू खालून बळ चढायला लागतं. त्या तीन पायऱ्या उतरण्याची वाट स्क्वायर थोडथोडी बदलत राहतो. कधी सरळ पायरीवर येतो, कधी मधल्या सुरांवरून घसरत, कधी अगोदरच खाली उतरून वाट पाहत. वरचं चक्र तेच, आणि तरी दर फेरीला आपण नव्या ठिकाणी आल्यासारखं वाटतं. मी हा भाग किती ऐकला आहे याची गणती नाही. मला कुणी स्क्वायर म्हणजे काय असं विचारलं तर मी ‘राउंडअबाउट’ न लावता हे लावते.

असं वाजवायची बुद्धी त्याला कुठून झाली? स्क्वायरचा जन्म ४ मार्च १९४८ चा, वायव्य लंडनमधल्या किंग्जबरीचा. तिथल्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या गायकवृंदात तो लहानपणी गात असे. वृंदाचे प्रमुख होते बॅरी रोज, जे पुढे सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये नावाजले. चर्चच्या वृंदगानात चार आवाजांच्या चार वाटा असतात आणि तळाच्या आवाजालाही स्वतःची चाल असते. तो ठोका देत उभा राहत नाही, तोही गात असतो. वरच्या पट्टीत गाणाऱ्या मुलाला खालचे मोठ्या माणसांचे आवाज कुठे निघालेत याचं भान ठेवूनच आपला सूर सांभाळावा लागतो. स्क्वायर पुढे बेस वाजवायला लागला तो या सवयीने. येसच्या गाण्यांत अँडरसनच्या सोबतीला जो उंच दुसरा आवाज ऐकू येतो तो पुष्कळदा त्याचाच. म्हणजे गळ्याने वरची एक वाट आणि हातांनी खालची दुसरी, दोन्ही एकाच वेळी. १९७५ मध्ये त्याने ‘फिश आउट ऑफ वॉटर’ हा स्वतःचा अल्बम काढला, तेव्हा पहिल्या गाण्यात सेंट पॉल्सचा ऑर्गन वाजवायला बोलावलं ते बॅरी रोज यांनाच. शिष्याने गुरूला असं बोलावणं मला फार आवडतं.

शाळा त्याने अर्धवट सोडली. लांब केसांवरून शाळेने घरी पाठवलं, तो परत गेलाच नाही. लंडनच्या एका वाद्यांच्या दुकानात नोकरीला लागला आणि नोकर म्हणून मिळणाऱ्या सवलतीत १९६५ मध्ये त्याने तिथूनच रिकनबॅकर बेस घेतला. साठच्या दशकाच्या त्या रंगीत दिवसांत त्यावर फुलाफुलांचा वॉलपेपर चिकटवला, नंतर चकाकता कागद, मग ते सगळं खरवडून काढून मोतिया रंग दिला. या खरवडण्यात लाकूडही झिजलं. तोच बेस तो आयुष्यभर वाजवत राहिला. एकाच वाद्याशी इतका लांब संसार केलेल्या माणसाच्या आवाजात वाद्य कुठे संपतं आणि हात कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही.

इथे मला आपल्याकडचं एक ऋण मान्य केलं पाहिजे. मराठी घरातल्या कानाला दुसरी चालती सुरावट अगदीच नवी होती असं नाही. ती हिंदी सिनेमाने घराघरांत आणून ठेवली होती, आणि ती आणणारे बरेचसे गोव्याचे होते. पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चना जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथे शिकलेले लोक मुंबईत आले, आधी हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि मग रेकॉर्डिंग स्टुडिओंत वाजवू लागले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे ज्या दुसऱ्या सुरावटी बांधल्या, त्या मुख्य चालीच्या मागे न जाता तिच्या शेजारून चालत. पुढे आर. डी. बर्मनच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवू लागले आणि खालची वाटही हलायला लागली. विविध भारतीवर आपण जे ऐकत मोठे झालो त्यात हे सगळं होतं. स्क्वायरची शाळा आणि या मंडळींची शाळा मुळात एकच, चर्चच्या अंगणातली. मला वाटतं, आर. डी. बर्मनची गाणी बेसकडे कान देऊन ऐकणारा मराठी माणूस येसच्या दारापर्यंत आलेलाच असतो. नुसता उंबरा ओलांडायचा असतो.

उंबऱ्याच्या पलीकडे काही अवघड खोल्याही आहेत. १९७३ मध्ये जॉन अँडरसनने टोकियोत परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली शास्त्रांविषयीची एक तळटीप वाचली, आणि त्या तळटिपेवर येसने दोन रेकॉर्डींचा, चार बाजूंचा अल्बम रचला: ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’. श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र अशा चार बाजू, प्रत्येक बाजूला एकच गाणं, वीस मिनिटांच्या आसपासचं. आपल्याला या कल्पनेची नवलाई वाटते, अभिमानही वाटतो, पण खरं सांगायचं तर हा अल्बम जागोजागी पसरट झाला आहे. दुसऱ्या बाजूला माझं मन भटकतं. चौथी बाजू, ‘रिच्युअल’, मात्र मी पुनःपुन्हा ऐकते. तिच्यात स्क्वायर एका जागी बाकीच्यांना मागे सारून पुढे येतो आणि बेस मोकळ्या आवाजात बोलतो. तंत्राशी त्याचा काय संबंध ते अँडरसन जाणे. मला तिथे एखाद्या बुजुर्ग पखवाजियाने गवयाला थांबवून दोन आवर्तनं स्वतःसाठी घ्यावीत तसा आनंद होतो.

स्क्वायर फार वाजवतो, जागा सोडत नाही, असा आक्षेप घेणारेही आहेत. त्यांना मी १९८३ चं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ ऐकायला सांगते. हे गाणं जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि जुन्या चाहत्यांतले पुष्कळजण त्याच्यावर अजून नाराज आहेत. त्यांच्या मते त्यात येस उरलं नाही. मला हे पटत नाही. त्या गाण्यात गिटारवादक ट्रेव्हर रॅबिनने चौकट आखून दिली आहे आणि स्क्वायर तिच्यात काटेकोर राहतो. थोडेच सूर, पण प्रत्येक सूर किती वेळ धरायचा आणि कुठे कापायचा हे ठाम. ज्याला इतकं वाजवता येतं त्याने इतकं कमी वाजवणं ही दुबळेपणाची खूण नव्हे. मला त्यात ‘हार्ट ऑफ द सनराइज’चाच माणूस दिसतो. त्या गाण्यातही सुरुवातीचा तो झंझावात ओसरला की बेस आणि ड्रम दोघेच उरतात. स्क्वायर एक साधी सुरावट घेऊन ती पुन्हा पुन्हा म्हणतो, दर वेळी कणभर फरकाने, आणि मेलोट्रॉनचा आवाज दुरून हळूहळू भरत येतो. घाई करायची नाही, हे तिथे त्याला पक्कं ठाऊक असतं.

बेसवर प्रेम करणाऱ्या चाहत्यांच्या गोष्टी गायकांच्या चाहत्यांपेक्षा वेगळ्या असतात. त्यात आरडाओरडा कमी आणि काम जास्त. इटलीच्या उत्तरेला मॉन्टे बोल्का नावाची जागा आहे, तिथल्या दगडांत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे मासे छाप्यागत जपलेले आहेत. तिथल्या एका जीवाश्म माशाचं वर्णन २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी केलं आणि त्याला नाव दिलं ‘टार्कस स्क्वायरी’. ‘टार्कस’ हा ‘इमर्सन, लेक अँड पामर’ या त्याच काळातल्या बँडचा अल्बम, आणि ‘स्क्वायरी’ म्हणजे आपला ख्रिस स्क्वायर. तासन् तास आंघोळ करण्याच्या सवयीमुळे स्क्वायरचं टोपणनावच ‘फिश’ पडलं होतं, त्यामुळे हे नाव किती अचूक बसलं आहे पाहा. दगडातला मासा घासूनपुसून मोजणाऱ्या माणसांच्या कानांत प्रयोगशाळेत काय वाजत असेल, याचा मला अंदाज करता येतो.

स्क्वायर २७ जून २०१५ ला अमेरिकेत फीनिक्स इथे गेला. रक्ताचा कर्करोग होता, वय ६७. आपल्या जागी बिली शेरवुडने वाजवावं असं त्यानेच सांगून ठेवलं होतं. ७ ऑगस्टला कनेटिकटमध्ये येसचा त्याच्याविना पहिला कार्यक्रम झाला. कुणी वाजवायला येण्याआधी मंचाच्या मध्यभागी त्याचा मोतिया रिकनबॅकर एका झोतात उभा केला होता आणि त्याने लिहिलेलं ‘ऑनवर्ड’ लावलं होतं. ते गाणं संपेपर्यंत मंचावर दुसरं काही नव्हतं. चित्रफितीवर प्रेक्षकांकडे पाहावं, चेहरे चांगले पन्नाशी-साठीचे आहेत.

मग २०१७ चा एप्रिल. ब्रुकलिनमध्ये येसला ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये घेण्याचा समारंभ होता आणि ‘राउंडअबाउट’ वाजवायचं होतं. बेस हाती घेऊन उभा राहिला कॅनडाच्या ‘रश’ या बँडचा गेडी ली. स्वतः जगातल्या मोठ्या बेसवादकांत गणला जाणारा, गाता गाता वाजवणारा आणि पायांनी पेडलवर तिसरंच काही करणारा माणूस. त्या दिवशी तो स्क्वायरची जागा न् जागा जशीच्या तशी वाजवत होता, स्वतःचं काही न घालता. टोरांटोतल्या ज्या मुलाने कोवळ्या वयात या रेकॉर्डी झिजवल्या होत्या, तो मुलगा तिथे उभा होता. मला त्याच्या वाजवण्यातला हा संयम फार भावला. आपल्याकडे गुरूची चीज गाताना मोठे गवईही काही जागा मुद्दाम जशाच्या तशा ठेवतात, तो मान त्यात होता.

माझा भाचा नवीन पनवेलला राहतो, बारावीत आहे. त्याला ‘राउंडअबाउट’ मी ऐकवण्याआधीच माहीत होतं, कारण ते त्याला मीममधून मिळालं. ‘जोजोज बिझार ॲडव्हेंचर’ या जपानी ॲनिमे मालिकेच्या २०१२ च्या भागांच्या शेवटी हे गाणं वाजायचं. त्यावरून मीमची एक साथ पसरली: कुणी तरी घसरायच्या किंवा आपटायच्या बेतात असतो, मागे हाऊची गिटार निवांत चालू असते, आणि नेमका अपघाताच्या क्षणी बेस येतो, चित्र गोठतं आणि बाण उमटतो, ‘क्रमशः’. ‘मावशी, हे मीमचं गाणं तू कुठे ऐकलंस?’ असं त्याने मला विचारलं तेव्हा मी आधी गोंधळले आणि मग आनंदले. चाळीसेक वर्षांनंतर, ज्यांना येस हे नावही ठाऊक नाही अशी लाखो पोरं स्क्वायरच्या प्रवेशाच्या नेमक्या क्षणावर हसत होती. तो प्रवेश एक मात्रा इकडे-तिकडे झाला असता तर विनोद फसला असता.

भाच्याने गेल्या वर्षी जुनी बेस गिटार घेतली. तो बोटांनीच वाजवतो, पिक हातात धरायला तयार नाही, आणि त्याचं दैवत गेडी ली. मी ब्रुकलिनच्या त्या समारंभाचा दाखला दिला की तो म्हणतो, ‘मावशी, पण गेडीने तेही वाजवलं ना. स्क्वायरने कधी रशचं वाजवलं?’ याला उत्तर माझ्याकडे नाही. तरीही माझ्या सांगण्यावरून त्याने ‘फ्रॅजाइल’मधलं ‘द फिश’ बसवायला घेतलं आहे. ही स्क्वायरची एकट्याची रचना. बेसचेच आवाज एकावर एक रचून केलेली, ऐकणाऱ्याला वाटावं की तीन-चार गिटारवाले आहेत. ती सात मात्रांत आहे. ड्रम वाजवणारं आमच्याकडे कुणी नाही, म्हणून रविवारी दुपारी मी समोर बसून रूपकाचा ताल हाताने देते. सात मात्रा त्याला जमल्या, तीन-दोन-दोनही पटकन जमलं. अडलं आहे ते पहिल्या मात्रेवर. त्याला तिथे सणसणीत टाळी हवी, आणि रूपकात सम खालीवर येते. मी हात उलटा करते आणि तो वाजवायचा थांबतो.